मूर्खता बोलायला उभी राहते: प्रबोधनकाळातल्या पंडितांचा उपरोध

१५११ साली पॅरिसमध्ये लॅटिन भाषेतलं एक लहानसं पुस्तक छापून निघालं. त्यात कथा नाही, प्रसंग नाहीत. एक बाई सभेत व्याख्यानाला उभी राहते आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीच बोलते. बाईचं नाव मूर्खता आणि व्याख्यानाचा विषय तिची स्वतःचीच थोरवी. दुसरं कुणी आपली स्तुती करत नसेल तर आपणच केलेली काय वाईट, असा तिचा रोकडा सवाल आहे.

‘मूर्खतेची स्तुती’ नावाच्या या पुस्तकाचा कर्ता इरॅस्मस, रॉटरडॅमचा. एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा, कोवळ्या वयात पोरका झालेला, पुढे मठात दाखल झालेला आणि १४९२ मध्ये स्वतःही धर्मगुरूची दीक्षा घेतलेला. पुस्तकात त्याने पोपपासून मठातल्या भिक्षूपर्यंत कुणालाही सोडलेलं नाही. आणि याच माणसाने पाच वर्षांनी, १५१६ मध्ये, बायबलमधल्या नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता बाझल शहरात छापून प्रसिद्ध केली, तीही त्या वेळच्या पोपला, दहाव्या लिओला, अर्पण करून.

ही दोन कामं एकाच माणसाची कशी, हा प्रश्न प्रबोधनकाळातल्या साहित्याकडे जाताना सगळ्यांत आधी पडतो. सोपी उत्तरं दोन आहेत. एक: इरॅस्मस आतून नास्तिक होता आणि बाहेरून भाविकपणाचं सोंग करत होता. दोन: ‘मूर्खतेची स्तुती’ ही निव्वळ गंमत, फावल्या वेळातला उद्योग. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. त्या पिढीच्या पंडितांच्या लेखी जुनी संहिता शुद्ध करणं आणि ढोंगाला हसणं ही एकाच कामाची दोन अंगं होती. कशी, ते पाहू.

हे ह्युमॅनिस्ट म्हणजे कोण

आज आपण मानवतावादी म्हणतो तेव्हा दयाळू, विवेकी, बहुधा धर्मापासून चार हात लांब असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पंधराव्या-सोळाव्या शतकातला ह्युमॅनिस्ट तसा नव्हता. तो मुख्यतः भाषेचा माणूस होता. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिविचार हे त्याचे विषय. जुन्या लॅटिन आणि ग्रीक पोथ्या शोधायच्या, ताडून पाहायच्या, नकलणाऱ्यांनी शतकानुशतकं घातलेल्या चुका काढायच्या, हा त्याचा धंदा. माणूस जन्मतः तयार नसतो, चांगल्या भाषेने आणि चांगल्या वाचनाने तो घडतो, ही त्याची श्रद्धा. यात धर्माला विरोध कुठेच नव्हता. उलट धर्माचंही मूळ वाचा, मधल्या भाष्यांचे थर बाजूला करा, असा आग्रह होता.

पण मूळ वाचायचं ठरवलं की भलभलती माणसं अडचणीत येतात. लोरेन्झो वाल्ला नावाच्या इटालियन पंडिताने हे १४४० मध्येच दाखवून दिलं होतं. पोपच्या राजकीय सत्तेला आधार म्हणून एक सनद दाखवली जात असे. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोमसह पश्चिमेकडची सगळी सत्ता पोपच्या हवाली केली, असं त्या सनदेत लिहिलेलं होतं. वाल्लाने तिची लॅटिन तपासली आणि म्हटलं, ही भाषा चौथ्या शतकातली असूच शकत नाही. रोमन सम्राटाच्या फर्मानात ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कुठून उपटले, असं त्याने अक्षरशः ओरडून विचारलं. सनद बनावट होती. वाल्लाचा हा निबंध वाचताना जाणवतं की तो नुसतं सिद्ध करत नाही, तो खोटेपणा करणाऱ्याची यथेच्छ टर उडवतो आहे. कुठला शब्द कुठल्या काळात शोभतो, याचा कान तयार झाला की ढोंग आपोआप हास्यास्पद दिसू लागतं. याच वाल्लाची नव्या करारावरची टिपणं इरॅस्मसला १५०४ मध्ये एका मठाच्या ग्रंथालयात सापडली आणि त्याने ती पुढच्याच वर्षी छापली. त्याची पुढची वाट तिथून फुटते.

दुसरा गुरू आणखी जुना. ल्युशियन हा दुसऱ्या शतकातला, सीरियाकडचा पण ग्रीकमध्ये लिहिणारा खट्याळ लेखक. देव, तत्त्वज्ञ, श्रीमंत, ज्योतिषी, कुणाचीही तो भीडभाड ठेवत नाही, आणि सगळं सांगतो ते थंड, साळसूद चेहऱ्याने. इरॅस्मस आणि त्याचा इंग्रज मित्र थॉमस मोर यांनी मिळून ल्युशियनचे लॅटिन अनुवाद केले, १५०६ मध्ये ते पॅरिसला छापले गेले. दोघांनाही त्यातून एक युक्ती मिळाली: गंभीर गोष्ट हसत सांगायची आणि सांगणारा आपण नाहीच, असं दाखवायचं.

व्याख्यानाचे तीन नूर

१५०९ मध्ये इरॅस्मस इटलीहून इंग्लंडला निघाला होता. घोड्यावर बसून लांबचा प्रवास, सोबतीला बोलायला कुणी धड नाही, म्हणून मनात ही कल्पना घोळवत राहिलो, असं त्याने स्वतःच प्रस्तावनेत लिहिलं आहे. लंडनला मोरच्या घरी पोचला तर कंबरदुखीने बेजार, आणि पुस्तकांच्या पेट्या अजून वाटेतच. त्या रिकाम्या आठवड्यात त्याने हे लिहून काढलं. मूर्खतेला ग्रीकमध्ये ‘मोरिया’ म्हणतात, त्यामुळे पुस्तकाच्या लॅटिन-ग्रीक नावात मोरच्या आडनावावर कोटी आहे आणि पुस्तक अर्पणही त्यालाच आहे.

मूर्खता आधी आपली कुळकथा सांगते. बाप धनदेव, दाया दोन: धुंदी आणि अडाणीपणा. सख्यांमध्ये आत्मप्रीती, खुशामत, विस्मृती, आळस. इथवर सगळं खेळीमेळीचं आहे. मग ती विचारते, माझ्याशिवाय जग चालेल का? नीट हिशेब करून कोण लग्न करेल? एकदा बाळंतपण सोसलेली बाई शहाणी असेल तर दुसऱ्यांदा त्या वाटेला जाईल का? एकमेकांच्या खोडींकडे काणाडोळा केल्याशिवाय मैत्री टिकते का? स्वतःवर थोडं तरी खूश नसलेल्या माणसाच्या हातून गाणं, भाषण, चित्र काही होतं का? वाचणारा हसत हसत मान डोलावतो, आणि तिथेच फसतो, कारण ती बोलते ते बव्हंशी खरंच आहे.

मग नूर पालटतो. व्याकरणाचे मास्तर, कवी, वकील, तर्कशास्त्री एकेक करून उभे केले जातात आणि पाळी येते धर्मशास्त्र्यांची. हे समर्थ रामदासांच्या भाषेतले पढतमूर्ख. त्यांच्या वादाचे विषय ऐका: देवाने माणसाऐवजी बाईचं, सैतानाचं, गाढवाचं, भोपळ्याचं किंवा गारगोटीचं रूप घेतलं असतं तर चाललं असतं का? आणि भोपळ्याचं घेतलं असतं, तर त्या भोपळ्याने प्रवचन कसं केलं असतं, चमत्कार कसे दाखवले असते, त्याला क्रुसावर कसं ठोकलं असतं? हे वरवर अतिशयोक्त वाटतं, पण विद्यापीठांतून खरोखरच या जातीच्या प्रश्नांवर वाद होत. भोपळ्याहून मला दुसरं वाक्य जास्त बोचतं: याच पंडितांच्या हिशेबात एखाद्या गरिबाने रविवारी एकदा जोडा शिवणं हे हजार माणसं कापण्यापेक्षा मोठं पाप ठरतं.

भिक्षूंची गत त्याहून वाईट. चपलेला गाठी किती, कमरेच्या दोरीचा रंग कुठला, झोप किती तासांची, यावर त्यांचं पुण्य मोजलेलं. निवाड्याच्या दिवशी एक जण मांस टाळून आयुष्यभर खाल्लेल्या मासळीने फुगलेलं पोट पुढे करेल, दुसरा म्हटलेल्या स्तोत्रांची मापं ओतेल, तिसरा साठ वर्षांत हातमोजे घातल्याशिवाय पैशाला शिवलो नाही म्हणून सांगेल. ख्रिस्त त्यांना म्हणेल, मी वारसा ठेवला होता तो प्रेमाने वागणाऱ्यांसाठी, या नियमांची मला ओळखच नाही.

आणि पोप? नाव न घेता मूर्खता अशा म्हाताऱ्यांबद्दल बोलते जे तरुणाच्या जोमाने लढाया करतात आणि कायदा, धर्म, शांतता सगळं उलथंपालथं करतात. १५११ मध्ये गादीवर दुसरा ज्युलियस होता, स्वतः फौज घेऊन शहरं जिंकणारा. १५०६ मध्ये तो बोलोन्यात विजयी सेनापतीसारखा शिरला तेव्हा बघ्यांमध्ये इरॅस्मसही होता. ज्युलियस वारल्यावर एक निनावी संवाद निघाला. त्यात तो स्वर्गाच्या दाराशी येतो, त्याची किल्ली लागत नाही, संत पीटर त्याला आत घेत नाही, तेव्हा फौज जमवून स्वर्ग घेईन अशी धमकी देतो. तो संवाद इरॅस्मसचाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने मात्र ते कधी कबूल केलं नाही.

आता तिसरा नूर. या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे. मूर्खता एकदम सेंट पॉलचे शब्द उचलते: ख्रिस्तासाठी आम्ही मूर्ख. पैसा वाटून टाकणारा, अपमान गिळणारा, शत्रूवर प्रेम करणारा माणूस जगाच्या नजरेत वेडाच नाही का? मघापासून जी बाई थट्टा करत होती ती अचानक अशा वेडाबद्दल बोलू लागते ज्यात माणूस स्वतःला विसरतो. हसण्याचा आवाज थांबतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की ही अजून गंमत करते आहे की नाही. म्हणजे मूर्खपणा तीन प्रकारचा निघाला: जगणं सुसह्य करणारा, माणसाला ढोंगी करणारा, आणि शहाणपणाच्या पलीकडे नेणारा. कुठला कधी संपतो आणि पुढचा कधी सुरू होतो, याच्या खुणा इरॅस्मसने ठेवलेल्या नाहीत.

सोंगाचा फायदा उघड आहे. पोप मूर्ख आहेत, असं मूर्खताच म्हणते. मूर्खाचं बोलणं खरं मानायचं का? मानलं तर तुम्हीही मूर्ख, आणि चिडलात तर ओळख पटल्याची कबुली. लूवेन विद्यापीठातला धर्मशास्त्री मार्टिन डॉर्प याने १५१४ मध्ये तक्रारीचं पत्र लिहिलं तेव्हा इरॅस्मसने उत्तर दिलं की मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, आणि जे मी ‘ख्रिस्ती सैनिकाच्या हस्तपुस्तिकेत’ सरळ उपदेश म्हणून लिहिलं तेच इथे थट्टेच्या रूपाने लिहिलं आहे. मला हे उत्तर निम्मंच प्रामाणिक वाटतं. वार कुठे बसणार हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वाईट लॅटिनचा विनोद

या उपरोधाची मुळं भाषेत किती खोल होती हे पाहायचं असेल तर जर्मनीतल्या एका प्रकरणाकडे वळायला हवं. योहानेस फेफरकोर्न हा यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेला माणूस. कोलोनच्या डॉमिनिकन पंथाच्या भिक्षूंच्या पाठबळावर त्याने १५०९ पासून यहुद्यांचे ग्रंथ जप्त करून नष्ट करण्याची मोहीम चालवली. सम्राटाने मत मागवलं तेव्हा हिब्रूचा जाणकार योहानेस रॉइखलिन म्हणाला, ग्रंथ नष्ट करू नका, शिका. त्यावरून त्याच्यामागे धर्मखटल्याचं शुक्लकाष्ठ लागलं. रॉइखलिनने आपल्याला आलेली नामवंत पंडितांची पत्रं छापली, आणि मग १५१५ मध्ये एक दुसरंच पत्रांचं पुस्तक बाजारात आलं: ‘अप्रसिद्ध माणसांची पत्रं’. कोलोनच्या ऑर्टविन ग्राटियुस या प्राध्यापकाला त्याच्या भक्तांनी लिहिलेली.

पत्रं अर्थातच बनावट. क्रोटुस रुबियानुस आणि उलरिख फॉन हुटेन हे त्यांचे मुख्य कर्ते. लॅटिन इतकी गावंढळ की जर्मन वाक्यावर लॅटिन प्रत्ययांचा अंगरखा चढवलेला. धर्मशास्त्राच्या पंडिताला ‘मॅगिस्टर नोस्टर’, म्हणजे ‘आमचे गुरुवर्य’, म्हणत. पहिल्याच पत्रात मेजवानीला जमलेले विद्वान वाद घालतात की पदवी मिळायला लायक झालेल्या उमेदवाराला ‘मॅगिस्टर नोस्ट्रांडुस’ म्हणावं की ‘नोस्टर मॅगिस्ट्रांडुस’. आणखी एक पत्र रोमहून येतं. शुक्रवारी, म्हणजे मांस वर्ज्य असलेल्या दिवशी, पत्र लिहिणाऱ्याने खाणावळीत अंडं फोडलं तर आत पिल्लू. सोबती म्हणाला, पटकन गिळून टाक, मालकाने पाहिलं तर कोंबडीचे पैसे लावेल. गिळल्यावर त्याला धास्ती: पाप घडलं का? चीजमधले किडे उपासाला चालतात, कारण ते मासळीत जमा. मग पिल्लाचं काय? गुरुजी, कळवावं.

गंमत अशी की पुष्कळांना हे खरं वाटलं. इरॅस्मसने एका पत्रात लिहिलं आहे की ब्राबांटमधल्या एका डॉमिनिकन मठाधिपतीने आपल्या पंथाचा गौरव समजून याच्या प्रती विकत घेतल्या आणि वरिष्ठांना वाटायला ठेवल्या. ज्याला वाईट लॅटिन ओळखता येत नाही त्याला विनोद कळत नाही, आणि विनोद न कळणं हाच पुरावा. विडंबनाचा याहून नेमका सापळा मला माहीत नाही.

पण एक गोष्ट झाकून ठेवू नये. यहुदी ग्रंथांच्या बाजूने सुरू झालेल्या या लढ्यात फेफरकोर्नची खिल्ली उडवताना त्याच्या यहुदी जन्मावर अत्यंत हीन शेरे मारले आहेत. इरॅस्मसच्या पत्रांतही यहुद्यांबद्दल कडवट वाक्यं सापडतात. माणूस वाचनाने घडतो म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सगळीच माणसं नव्हती.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र थोडं बरं. इरॅस्मसच्या ‘संवादां’मध्ये १५२४ सालचा एक संवाद आहे: एक मठाधिपती एका सुशिक्षित बाईच्या घरी येतो आणि तिच्या खोलीत लॅटिन-ग्रीक पुस्तकं पाहून अस्वस्थ होतो. बाईच्या हाती चाती शोभते, तो म्हणतो. तुमच्या भिक्षूंना का वाचू देत नाही, असं ती विचारते, तर म्हणतो, वाचू लागले की उलट बोलतात. शेवटी ती त्याला बजावते, सांभाळा, नाहीतर एक दिवस आम्हीच धर्मशास्त्राचे वर्ग घेऊ आणि देवळात प्रवचनं देऊ. या बाईच्या मागे मोरच्या घरातल्या मुली होत्या हे उघड आहे. त्यांना त्याने मुलासारखंच ग्रीक आणि लॅटिन शिकवलं होतं.

सोन्याचं तस्त

थॉमस मोर वकील, पुढे राजाचा चान्सलर, म्हणजे सर्वोच्च मंत्री. त्याचं ‘युटोपिया’ १५१६ मध्ये लूवेनला छापलं गेलं, छपाईच्या खटपटीत इरॅस्मस होताच. राफाएल हिथ्लोडे नावाचा एक पोर्तुगीज खलाशी एका बेटाची हकीकत सांगतो. हा गृहस्थ त्या बेटावरून परतताना सिलोनमार्गे कालिकतला येतो आणि तिथे त्याला पोर्तुगीज जहाज मिळतं. वास्को द गामाला कालिकतला पोचून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे वाचकाला हे ताज्या बातमीसारखं वाटलं असणार. बेटाच्या नावाचा अर्थ ‘कुठेच नाही’, नदीच्या नावाचा ‘निर्जळी’ आणि सांगणाऱ्याच्या आडनावाचा जवळपास ‘थापाड्या’. ज्याला ग्रीक येतं त्याला पहिल्या पानापासून मेख कळते. बाकीच्यांपैकी कुणीतरी तिकडे बिशप म्हणून जायला निघाला होता, असं मोर साळसूदपणे नोंदवतो.

या बेटावर सोन्याची तस्तं आणि मूत्रपात्रं करतात, गुलामांच्या बेड्या सोन्याच्या. हिरे-मोती पोरांची खेळणी. परदेशी राजदूत अंगभर सोनं घालून मिरवत येतात तेव्हा एक पोर आईला ढोसून म्हणतं, बघ ना, केवढा घोडा झाला तरी मोती घालतोय! आई दटावते, गप, तो त्यांचा विदूषक असेल. काम दिवसाला सहा तास, मालमत्ता सामाईक. राफाएल तिथे ग्रीक पुस्तकं घेऊन जातो तेव्हा त्या लोकांना ल्युशियन फार आवडतो. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताच्या ग्रंथाची पानं मात्र वाटेत जहाजावरच्या माकडाने फाडलेली असतात.

मोरला खरंच असं राज्य हवं होतं का? पाचशे वर्षं वाद चालू आहे. माझा कौल असा: पहिला भाग वाचल्याशिवाय दुसऱ्याबद्दल बोलू नये. पहिल्या भागात सोळाव्या शतकातलं इंग्लंड आहे. लोकरीच्या नफ्यासाठी जमीनदार शेतं कुंपणात घेतात, कुळं देशोधडीला लागतात, पोटासाठी चोरी करतात आणि चोरीला फाशी. पूर्वी गरीब असलेल्या मेंढ्या आता माणसं खाऊ लागल्या आहेत, असं राफाएल म्हणतो. हे वाक्य हसवत नाही. बेट हा आरसा आहे. त्यातलं राज्य जसंच्या तसं उचलायचं नसलं तरी त्यात दिसणारं इंग्लंड खरं आहे.

हसू महाग होतं

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन भिक्षूचे चर्चवर टीका करणारे प्रबंध आले आणि काही वर्षांत सगळं पालटलं. आतापर्यंत हसणारा आणि ज्याला हसलं तो, दोघंही एकाच चर्चच्या छपराखाली होते. घरातल्याने घरातल्याला टोचलेलं खपून जात असे, पोपही हसण्यात सामील होऊ शकत होता. घर दुभंगल्यावर प्रत्येक विनोदाला विचारलं जाऊ लागलं: तू कुठल्या बाजूचा? इरॅस्मसने अंडं घातलं आणि ल्यूथरने ते उबवलं, असं भिक्षू म्हणू लागले. मी घातलं ते कोंबडीचं अंडं होतं, निघालेलं पाखरू वेगळंच आहे, असं त्याने उत्तर दिलं. कॅथॉलिकांना तो छुपा ल्यूथरवाला वाटे आणि ल्यूथरला भेकड. १५२४ मध्ये त्याने ल्यूथरविरुद्ध माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तरी संशय गेला नाही. त्याची पुस्तकं फ्रेंचमध्ये आणणाऱ्या लुई द बेर्कँला १५२९ मध्ये पॅरिसला जाळलं. मोरने चान्सलर असताना स्वतःच पाखंड्यांवर कडक हात चालवला, त्याच्या काळात माणसं जाळली गेली. युटोपियात मात्र धर्माच्या बाबतीत ज्याला जे पटेल ते मानण्याची मुभा होती. पुढे आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मानायला नकार दिला म्हणून १५३५ मध्ये त्याचंच डोकं उडवलं. वधस्तंभाची शिडी चढताना तो म्हणाला म्हणतात, वर जायला हात द्या, खाली यायचं माझं मी बघेन.

अशा काळात फ्रान्सवा राब्ले लिहायला बसला. तोही आधी भिक्षू. १५२३ च्या सुमारास त्याची ग्रीक पुस्तकं मठातल्या वरिष्ठांनी काढून घेतली होती, कारण पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांना ग्रीकचाच धसका बसला होता. नंतर तो डॉक्टर झाला आणि १५३२ मध्ये लियोंहून त्याने टोपणनावाने ‘पांताग्रुएल’ काढलं, दोन-एक वर्षांनी ‘गार्गांतुआ’. पहिल्याच वर्षी त्याने इरॅस्मसला पत्र लिहून तुम्ही माझे बाप आणि आई दोन्ही आहात असं म्हटलं. पण दोघांची जातकुळी वेगळी. इरॅस्मस ओठांच्या कोपऱ्यात हसतो, राब्ले पोट धरून. राक्षस, दारू, मलमूत्र, शिव्या, पानपानभर याद्या. मला त्या याद्या दर दहा पानांनी थकवतात, हे सांगून टाकतो.

त्या गदारोळात विचार मात्र तोच आहे. गार्गांतुआला जुन्या पद्धतीचा मास्तर नुसती मुळाक्षरं पाच वर्षं तीन महिने शिकवतो, म्हणजे पोराला ती उलटीही पाठ येतात. एका व्याकरणाच्या ग्रंथात अठरा वर्षं अकरा महिने जातात. पोरगा दिवसेंदिवस ठोंब्या होत जातो. मग नवा शिक्षक येतो आणि सगळ्यात आधी डॉक्टरकडून औषध देऊन जुनं शिकलेलं विसरायला लावतो. दुसऱ्या एका भागात ब्रिदुआ नावाचा न्यायाधीश आहे: खटल्याचे कागद वर्षानुवर्षं मुरवत ठेवतो आणि शेवटी फासे टाकून निकाल देतो. म्हातारपणी एक निकाल चुकला, कारण फाशावरचे ठिपके नीट दिसले नाहीत. आणि थेलेमचा मठ: भिंती नाहीत, घड्याळ नाही, बायका आणि पुरुष एकत्र, कंटाळा आला की जायची मोकळीक, नियम एकच, वाटेल ते करा. चांगलं शिकलेल्या, मोकळ्या माणसाची ओढ आपोआप चांगल्याकडे असते, हा ह्युमॅनिस्टांचा मूळ विश्वास राब्लेने एका ओळीत ठेवून दिला. थेलेममध्ये प्रवेश फक्त देखण्या, कुलीन लोकांना आहे, ही गोष्ट सहसा सांगायची राहते.

राब्लेची पुस्तकं सॉर्बोनने, म्हणजे पॅरिसच्या धर्मशास्त्र्यांच्या पीठाने, निषिद्ध ठरवली, तो अधूनमधून फ्रान्सबाहेर राहिला, पण बिछान्यावर मेला. त्याची पुस्तकं परवानगीशिवाय छापणारा एत्येन दोले १५४६ मध्ये पॅरिसच्या चौकात जाळला गेला. १५५९ मध्ये चौथ्या पॉल पोपने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, तीत इरॅस्मसचं सगळं लिखाण होतं.

ही झळ गोव्यापर्यंत आली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक संवादरूप आहे. एक पात्र ओर्ता स्वतः, दुसरं रुआनो, स्पेनमध्ये शिकून आलेला आणि दर गोष्टीला जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देणारा. ओर्ता त्याला म्हणतो, गॅलन आणि डायोस्कोरिडीस यांची भीती मला घालू नकोस, मी जे पाहिलं तेच सांगणार. आंबा, फणस, भांग, कॉलरा, सगळं तो इथे पाहून लिहितो. उपहास इथे सौम्य आहे, पण पोथीपंडिताला समोर बसवून त्याला हळूहळू पेचात धरण्याची रीत ओळखीची वाटते. ओर्ता यहुदी मुळाच्या घराण्यातला होता. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायासनाने जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

वाचायला सुरुवात करायची असेल तर ‘संवादां’मधला जहाज फुटण्याचा प्रसंग घ्या, पाच-सहा पानांचा आहे. त्यात एक प्रवासी वादळात संत ख्रिस्तोफरला ओरडून नवस बोलतो, वाचव, तुझ्याएवढी मेणबत्ती लावीन. आणि शेजारच्याने इतके पैसे आणशील कुठून विचारल्यावर संताला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणतो, किनाऱ्याला तर लागू दे, चरबीची पणतीसुद्धा देणार नाही. ते जमलं की ‘मूर्खतेची स्तुती’ एका बैठकीत वाचावी, मध्ये सोडली तर तिसरा भाग राहून जातो. ‘युटोपिया’ पहिल्या भागापासून. राब्ले शेवटी, आणि तोही ‘गार्गांतुआ’पासून, ‘पांताग्रुएल’ आधी छापलं गेलं असलं तरी नंतर वाचलेलं बरं.